पाहुण्यांची अंडी

माझ्या सासूचे पाय कुणी बांधले नव्हते. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या क्वांगो नदीकाठच्या माळावर लोक अजून तेच म्हणतात. आजाराचं नावच कोंझो, म्हणजे बांधलेले पाय. सासूचं नाव माकेंगो. माझा नवरा तेव्हा तिच्या अंगावर पीत होता. कोरड्या दिवसांत एका सकाळी ती ओढ्यावर जायला उठली, तर उभंच राहता येईना. गुडघे एकमेकांना चिकटले, टाचा जमिनीला टेकेनात. त्या आजतागायत टेकलेल्या नाहीत, दोन काठ्यांवर चालते. आणि गावानं काय केलं, तर तिच्या म्हाताऱ्या आत्याला धरलं, तूच करणी करून बांधलेस म्हणून, आणि नदीपलीकडे हाकलून दिलं. बिचारी तिकडेच मेली.

सासूला खरं कारण ठाऊक होतं. त्या वर्षी शहराच्या ट्रकला घाई होती, म्हणून बायकांनी कडू कसाव्याचे कंद तीन रात्रींऐवजी एकच रात्र पाण्यात ठेवले. शेंगा ट्रकमध्ये गेल्या, खायला सुकवलेले सुरवंटही गेले. ताटात उरली नुसती कसाव्याच्या पिठाची उकड, सकाळ-संध्याकाळ.

तेव्हापासून तिचा एकच उद्योग. ओढ्याच्या वाटेवर बसायचं आणि टोपली घेऊन येणाऱ्या प्रत्येकीला अडवायचं.

"किती रात्री भिजवलास गं?"

"दोन, माय."

"दोन रात्रींत तुझा नवरा तरी मऊ येतो का? परत ने."

बायका हसायच्या, शिव्या द्यायच्या, पण परत न्यायच्या.

यंदा वरच्या आळीतली दोन मुलं एकाच आठवड्यात पायांनी गेली. सासूची झोप उडाली. माझी न्सोना आठ वर्षांची. सासू कोंबडीखालची अंडी गुपचूप उचलायला लागली, मडक्यात राख भरून त्यात अकरा जमवली. म्हणाली, "हिला रोज एक द्यायचं."

मी म्हटलं, "माय, डोकं फिरलंय का? अंडी खाणाऱ्या पोरीची कूस उजवत नाही, सगळ्या जगाला माहीत आहे." न्सोना शेजारीच उभी होती. तिलाही दरडावलं, "आजीनं दिलं तरी तोंड उघडायचं नाही, कळलं?"

आमच्या भांडणात अंडी मडक्यातच राहिली. तेवढ्यात राजधानीहून आजारावर बोलायला तिघं पाहुणे आले, मोठमोठी चित्रं घेऊन. सगळा गाव झाडाखाली बसवला. त्यांच्यातला चष्मेवाला बोलका होता. म्हणाला, कडू कसाव्यात विष असतं, ते मारायला शरीराला खाण्यातलं गंधक लागतं.

"म्हणजे काडेपेटी चावायची का, ताता?" मागून कुणीतरी विचारलं. सगळे हसले, तोही हसला. मग त्यानं चित्र वर धरलं. शेंगा, मासा, सुरवंट, आणि मधोमध हे एवढं मोठं अंडं. "हे मुलांना द्या. बायकांनी खा. मुलींना तर आधी द्या."

मग जेवण. पाहुण्यांना अंडी वाढायची हा आमचा रिवाज. कापितानं, म्हणजे गावच्या प्रमुखानं, आमच्या घरी माणूस धाडला. मडकं मीच दाखवलं, अंडी मीच उकडली, ताट मीच पुढे ठेवलं. आणि त्या तिघा शहाण्यांनी ती खाल्ली. ही कुठून आली, कुणाच्या तोंडची काढली, एकालाही विचारावंसं वाटलं नाही. चित्र झाडाला टेकवलेलं आणि त्याच्यासमोर मांडी घालून हे मीठ लावून अंडी हाणतायत. मेल्यांना लाज कशी वाटली नाही, याचा विचार करून माझं डोकं आजही भणभणतं. पण वाढत मी होते, हेही खरंच.

ताटात दोन उरली होती तेव्हा सासू आली, एका हातात काठी, दुसऱ्यानं न्सोनाचा खांदा धरून.

"पुरे आता, लेकरा," ती चष्मेवाल्याला म्हणाली आणि ताटातलं एक अंडं उचललं. "दुपारभर सांगत होतास, मुलींना द्या. ही मुलगी, ही अंडी."

कापिता ताडकन उठला. "माकेंगो, पाहुण्याच्या ताटातलं उचलतेस? गावाची अब्रू घालवतेस?"

"अब्रू परत मिळवता येते, ताता. पाय परत मिळतात का, ते माझ्याकडे बघून सांगा."

कापिता खाली बसला. चष्मेवाल्याच्या तोंडातला घास तोंडातच राहिला.

सासूनं अंडं न्सोनाच्या ओठांशी धरलं. पोरीनं ओठ घट्ट मिटले आणि हात पाठीमागे नेले.

"खा गं माझी बाय."

नाही.

"खा बेटा, काही होत नाही," चष्मेवाला म्हणाला. स्वतःचे कान धरून माफी मागावी तसा त्याचा चेहरा झाला होता.

नाहीच. ती ना आजीकडे बघत होती, ना पाहुण्याकडे. माझ्याकडे बघत होती. हळूहळू सगळा गाव माझ्याकडे बघायला लागला. मघापासून त्या तिघांवर इतकी चडफडत होते मी, पण त्यांच्यापैकी कुणी माझ्या लेकीचं तोंड शिवलं नव्हतं.

सासूनं अंडं अजून तसंच पुढे धरलं होतं.

"खा," मी म्हटलं. "तुझी आई खोटं बोलली होती."