भिंगरी मामा आणि बाबांचा हलका पाय

आमचा मामा एका जागी स्वस्थ बसलेला मी आजवर पाहिलेला नाही. जेवतानासुद्धा त्याचा एक गुडघा टेबलाखाली उडत असतो. खुर्ची दिली तर बूड टेकतो न टेकतो तोच उठून कुठला तरी ढिला स्क्रू पिळायला जातो. पायाला भिंगरी लागलीय असं लोक म्हणतात. याच्या तर अख्ख्या अंगाला लागलेली आहे. म्हणून गॅरेजच्या गल्लीत त्याचं नावच भिंगरी पडलं, आणि त्याची सख्खी थोरली बहीण असूनही माझी आई वैतागली की त्याच नावाने हाक मारते. तो गाड्यांच्या वायरिंगची कामं करतो. हात असे चालतात की बघत राहावं, पण हातांबरोबर तोंड आणि पायही चालतात, त्यामुळे शेजारी उभ्या असलेल्याला उगीचच धाप लागते.

बाबा म्हणजे दुसरं टोक. ते आमचा जुना ट्रक चालवतात, जो माझ्याहून वयाने मोठा आहे. त्यांच्या मागोमाग जरा नवा ट्रक घेऊन मी निघते. दोन्हींत खिडक्यांच्या काचा भरलेल्या असतात. जन्मभर काचा वाहून बाबांचा ब्रेकवरचा पाय इतका हलका झालाय की गाडी कधी थांबली ते आत बसलेल्याला कळतही नाही. लांबूनच हळूहळू दाबत येतात. या पायाचा त्यांना भारी अभिमान. मला गाडी शिकवताना मी ब्रेक जरा जोरात मारला की ते नुसते खिडकीबाहेर बघायचे, जसं काही मी चारचौघांत ढेकर दिलाय.

तर काल कलतं ऊन थेट डोळ्यांवर होतं. बाबांनी वळणाआधी गाडी हळू केली आणि मी जाऊन त्यांच्या ट्रकच्या मागच्या फाळक्यावर आदळले. माझा एक दिवा फुटला, त्यांचा फाळका चेपला, काही काचांना तडे गेले. आम्हाला दोघांना साधं खरचटलंही नाही. बाबा उतरले, माझ्याकडे न बघता चेपलेल्या पत्र्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "डुलकी लागली तुला."

"नाही लागली. तुमची ब्रेकची लाइटच लागली नाही."

"गेल्याच महिन्यात भिंगरीने तपासून दिलीय. उद्यापासून तू घरी थांब. मागच्या गाडीवर मी दुसरा ड्रायव्हर बघतो."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी नाही नाही ते बोलले. पण घरी आल्यावर राग उतरला आणि मन खायला लागलं. ऊन डोळ्यांवर होतं, थकवा होता. खरंच डोळे मिटले असतील तर? क्षणभर? झोपलेल्या माणसाला आपण झोपलो होतो हे कुठे ठाऊक असतं? आजवर ज्या एका गोष्टीत मी स्वतःवर डोळे झाकून विश्वास ठेवला होता, तिच्याबद्दलच शंका आली, आणि ती शंका बाबांच्या बोलण्याहून जास्त टोचत राहिली.

सकाळी जुना ट्रक मामाच्या गॅरेजात लागला. दुपारी नवा ड्रायव्हर यायचा होता. तो यायच्या आधी खरं काय ते उजेडात आलं नाही, तर मी कायमची मागच्या गाडीवरून उतरणार, हे मला कळत होतं. मामालाही कळत होतं. तो माझी नजर चुकवत इकडची पेटी तिकडे ठेवत होता.

"दाजी, तुम्ही मागे उभे राहा," म्हणत तो टुणकन केबिनमध्ये चढला आणि ब्रेकवर दाणकन पाय मारला. "लागली?"

"लागली," बाबा म्हणाले.

परत दाणकन. "लागली?"

"लागली."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. 

मामाने हार मानली नाही. मागचे बल्ब काढून बघितले, त्यांच्या होल्डरमधला गंज खरवडला, अर्थिंगची वायर नव्याने घट्ट केली. सबंध वायरिंग हलवून पाहिलं, कुठे तुटक जोड असेल तर दिवा लुकलुकेल म्हणून. काही नाही. या जुन्या ट्रकमध्ये ब्रेकलाइटचा स्विच पायापाशी नसतो, खाली ब्रेक ऑइलच्या नळीवर बसवलेला असतो. ब्रेक दाबला की ऑइलचा दाब स्विचवर येतो, आत दोन टोकं जुळतात आणि मागे लाल दिवे लागतात. मामाने स्विचच्या दोन वायरी काढून एकमेकींना चिकटवल्या. दिवे लखलखीत लागले.

"म्हणजे वायरी, बल्ब सगळं ठणठणीत," तो पुटपुटला. "राहिला हा स्विच. पण तोही चालतोय की! मी आत्ताच बघितला."

"मग मीच खोटारडी ना?" मी ओरडले. "सांगून टाक ना तसं. सगळे सांगा. झोपले होते मी, घोरत होते!"

"तू जरा गप बस गं," मामा म्हणाला. गप बसायला सांगणारा कोण, तर हा! एरवी मी हसले असते. तो टेस्ट लॅम्प घेऊन गाडीखाली सरकला. स्विचपाशी करंट कसा येतो ते त्याला जवळून बघायचं होतं, आणि म्हणून यावेळी केबिनमध्ये बाबा चढले. मी मागे उभी राहिले.

"दाबा, दाजी."

मागे काहीच लागलं नाही.

"दाबा की!"

"दाबलाय."

"कुठे दाबलाय? माझा लॅम्प तर लागत नाही."

"अरे, दाबलाय म्हणतोय ना! गाडी थांबते एवढ्याने."

"लाइट नाही!" मी मागून ओरडले. माझा आवाज मलाच चिरका वाटला.

"आणखी दाबा. आणखी. अहो, राग काढा कुणाचा तरी!"

शेवटी दाणकन आवाज झाला आणि दोन्ही दिवे लाल झाले. गाडीखालून बाहेर आलेले मामाचे दोन्ही पाय हलायचे थांबले. असं कधी होत नाही. मला वाटलं त्याला करंटच लागला.

तो हळूच बाहेर आला, कोपरं काळी, कपाळ काळं. "दाजी, स्विच थकलाय," तो म्हणाला. "भरपूर दाब आला तरच चालतो. मी दर वेळी लाथ घालून तपासत आलो, म्हणून मला ठीक दिसला. माझ्या लाथेला दिवा लागतो, तुमच्या पायाला लागत नाही. आणि रस्त्यावर पाय तुमचा असतो." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "माझंच चुकलं गं, पोरी. गेल्या महिन्यातही असाच तपासला होता."

 मी झोपले नव्हते. माझे डोळे उघडे होते. एवढंच डोक्यात घुमत होतं.

मामा पुन्हा भिंगरी झाला. नवा स्विच आणायला स्वतःच पळाला. जुना पान्याने सोडवला, त्याच्यामागून ओघळणारं ब्रेक ऑइल बोटाने अडवून नवा पटकन पिळला, वायरी जोडल्या. नळीत हवा शिरली असेल म्हणून चाकांपाशी ती काढून टाकली, टाकीत ऑइल वर भरलं. बाबा केबिनमध्येच होते. मामा सांगेल तेव्हा दाबत होते, सांगेल तेव्हा सोडत होते.

"आता तुमच्या पद्धतीने," मामा म्हणाला.

बाबांनी पाय नुसता टेकवला असेल. दिवे लागले. सोडला, विझले.

ते खाली उतरले आणि मागे येऊन चेपलेल्या फाळक्यापाशी माझ्या शेजारी उभे राहिले. माफी मागणं त्यांना जमत नाही, मला माहीत आहे. मी भांडायची सगळी तयारी करून उभी होते.

"हा स्विच काही कालच बिघडलेला नाही," ते म्हणाले. "मग इतके दिवस तू कशाच्या भरवशावर थांबत होतीस?"

"फाळक्याच्या," मी म्हणाले. "फाळका मोठा दिसायला लागला की मी ब्रेक दाबायचे. मला वाटायचं, बाबांचा पाय हलका आहे, त्यांना ब्रेक लागतच नाही, मग दिवा कुठून लागणार. काल उन्हात फाळका दिसला नाही."

बाबांनी तोंड फिरवलं.  मामा पान्यांचं डबडं खडखडवत उगीचच लांब गेला.

नव्या ड्रायव्हरला बाबांनी फोन करून येऊ नको म्हणून कळवलं. मग जुन्या ट्रकची चावी माझ्या हातात दिली. "तू पुढे हो. मागून मी येतो."

गावाबाहेरच्या पहिल्या वळणावर मी ब्रेक हलकेच दाबला आणि आरशात पाहिलं. स्विच नवा होता, दिवे लागत होते, तरी बाबांनी इतकं अंतर सोडलं होतं की मध्ये आणखी दोन ट्रक सहज मावले असते.