दोन सीट कमी

मी सरवड्याच्या शाळेत मास्तर होतो आणि कोल्हापुरातून, रंकाळा स्टँडवरून, रोज शिवशरणच्या वडापनं जायचो. वडाप म्हणजे माणसं दाबून भरल्याशिवाय जागची न हलणारी जीप. एसटी रिकामी असली तरी वेळेला सुटते. वडापला घड्याळ नसतं, सीट असतात. शिवशरण माणसं मोजायचा नाही, सीट मोजायचा. मलाही तो 'सरवड्याची मास्तर सीट' म्हणायचा आणि मला त्याची गंमत वाटायची. आता वाटत नाही.

गडी मूळचा नेसरीचा. उद्यमनगरातल्या एका कारखानदाराची मोटार त्यानं नऊ वर्षं चालवली. चालवली कमी, मंगल कार्यालयांबाहेर उभी केली जास्त. दुसऱ्याच्या हुकमानं ताटकळायचा वीट आला, म्हणून शहाण्णव साली कर्ज काढून त्यानं ही ट्रॅक्स जीप घेतली आणि काचेवर लेकीचं नाव रंगवलं, 'दानेश्वरी'. "मास्तर, आता मालक बी मीच आन् हमाल बी मीच," असं सगळ्यांना ऐकवायचा. लेकीच्या गॅदरिंगला भरदुपारी गाडी लावून तो पहिल्या रांगेत जाऊन बसला, तेव्हा मला त्याचा हेवा वाटला होता. मला रजेचा अर्ज लिहावा लागला असता, आणि तो मंजूर झाला नसता. पण हाच शिवशरण अंगात ताप घेऊन स्टिअरिंगवर बसायचा, कारण तापाला पगारी रजा नव्हती. रिकामी सीट दिसली की त्याला कर्जाचा हप्ता आठवायचा.

त्याची एक युक्ती होती. सीट कमी असल्या की इंजिन चालू ठेवायचं, गाडी दहा फूट पुढं घ्यायची, "चला, सुटली, सुटली!" म्हणून ओरडायचं आणि परत मागं घ्यायची. बसलेल्याला वाटतं निघाली, मग तो उतरून एसटीकडं जात नाही. आम्ही रोजचे लोक हसायचो.

अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीत एका सकाळी साडेसातला बाळाबाई आली. पेठेत भाजी विकणारी, साठीला टेकलेली बाई. शिवशरण तिला आक्का म्हणायचा. दिवसाची पहिली खेप होती आणि पहिली सीट तीच.

"आईकडं जायाचं हाय रं," ती म्हणाली. "जरा बिगीनं काढ."

"निघालोच की, आक्का!"

तिची आई रात्रीच वारली होती. गावाहून शेजारच्या दुकानात फोन आला होता, की पावणेनऊपर्यंत थांबतो, मग माती करतो. जन्मदात्रीचं तोंड एकदा बघायला मिळावं, एवढंच तिला हवं होतं. आम्हाला तेव्हा हे माहीत नव्हतं. तुम्हाला आधीच सांगून टाकतो, कारण लपवून माझी अब्रू काही वाचणार नाही.

रस्ता पाऊण तासाचा होता आणि दोन सीट कमी होत्या. गाडी पुढं गेली, मागं आली. दर वेळी बाळाबाई समोरचा दांडा घट्ट धरायची आणि गाडी मागं आली की सोडायची. आठची एसटी समोरून सुटली. ती उठायला लागली, तेवढ्यात शिवशरणनं गाडी पुढं घेतली आणि ती परत बसली.

"लेका, जाऊया की रं."

"दोन सीट झाल्या की सुटलोच!"

आणि मी, चार पुस्तकं शिकलेला माणूस, मागं वळून म्हणालो, "मावशी, म्हातारी काय पळून जातीय होय?" अख्खी गाडी हसली. बाळाबाईनं पदर तोंडाला लावला.

नऊला सीट भरल्या आणि आम्ही निघालो. तिच्या गावच्या फाट्यावर पोचलो, तर नदीवर आंघोळ करून ओल्या कपड्यांनी परतणारी माणसं दिसली. त्यातला एक म्हातारा, तिचा भाऊ, पुढं आला. "नऊपातूर धरून ठेवली गं, आक्का. मग लोकं ऐकंनात." ती गाडीतून उतरून तिथंच रस्त्याच्या कडेला बसली.

शिवशरण धडपडत उतरला. "आक्का, मातीला निघालीयास म्हणून सांगायचं न्हाईस व्हय? मी रिकामी गाडी पळवली असती की!"

"तुझी पहिली खेप," ती म्हणाली. "सकाळच्या पारी, भवानी व्हायच्या आधी, धंद्यावर मातीचं नाव कसं काढू रं?"

वडापचं भाडं उतरताना देतात आणि वाटेत अजून कुणी उतरलं नव्हतं, म्हणजे दिवसाचं पहिलं भाडं तिचंच होतं. बाळाबाई उठली, कनवटीच्या बटव्यातून दहाची नोट काढून तिनं त्याच्यापुढं धरली. तो दोन्ही हात मागं घेऊन मान हलवत राहिला.

"धर. भवानीला न्हाय म्हणू नये."

त्यानं नोट घेतली. रोजच्या सवयीनं त्याचा हात वर गेला, नोट कपाळाला टेकली, आणि मग आपण काय केलं हे कळून तो तसाच उभा राहिला, हात खाली घ्यायचंही त्याला सुधरेना. बाळाबाई भावाच्या मागून गावाकडं चालायला लागली. मी माझ्या सीटवरून खालीसुद्धा उतरलो नाही.