तलावाकाठच्या बाया

धाराशिवला मी शाळेत चित्रकला शिकवते आणि जमेल तशी शिल्पं करते. भूम तालुक्यातल्या एका गावची मंडळी स्मारकाचं काम घेऊन माझ्याकडं आली. फार पूर्वी, दुष्काळी कामावर, त्यांच्या गावच्या बाया तलावाची माती वाहायच्या. गड्यांइतकीच माती वाहून मजुरी मात्र कमी, म्हणून त्यांनी टोपली खाली ठेवली आणि त्या बांधावरच बसून राहिल्या. शेवटी मजुरी सारखी करावी लागली. त्या बायांचं स्मारक तलावाच्या काठी करायचं होतं. स्मारक समितीच्या अध्यक्षांची आई ही त्या बायांची तेव्हाची पुढारी. आता तिला दिसत नव्हतं, पण आवाज खणखणीत होता.

मला पुतळ्यासाठी चेहरा हवा होता. तो एका ओसरीवर सापडला. आजी शेंगा फोडत बसल्या होत्या. रुंद कपाळ, ओठ घट्ट मिटलेले.

"आजी, तुम्ही होतात त्या कामावर?"

"व्हते की."

"मग पुतळ्याला तुमचंच तोंड घेते."

"नगं बाई. दुसरी कुणीबी बघा."

मला वाटलं, लाजतायत. दर रविवारी मी जात राहिले, गोड बोलत राहिले, आणि शेवटी त्या समोर बसल्या. शाडूत चेहरा उतरू लागला. एका रविवारी त्यांनी तो नीट पाहिला आणि ओलं फडकं स्वतःच त्यावर टाकलं.

"समद्या बसल्या तवा म्या उठले, बाई. पोरगं तापानं फणफणलं व्हतं, घरात दाणा न्हवता. मुकादम म्हणला, जी काम करंल तिला ज्वारी. म्या एकलीच टोपलं उचलून गेले. समद्या बघत व्हत्या. माझं तोंड तिथं नगं."

मी 'बरं' म्हटलं. मातीचा तो चेहरा मोडणं सोपं होतं. समितीला 'शाडू तडकली' एवढं सांगितलं असतं तरी भागलं असतं. पण मला वाटलं, स्मारक खरं असावं, आणि खरं सांगायला भ्यायचं कशाला? देवळातल्या बैठकीत मी सगळं सांगून टाकलं. जरा ऐटीतच सांगितलं. सगळे गप्प झाले, ते मला आदराचं वाटलं.

पुढच्या रविवारी गेले तर ओसरी रिकामी. सुनेनं पाण्याचा तांब्या ठेवला आणि पाठ फिरवून आत गेली. पिठाच्या गिरणीत कुणीतरी तिला 'फितुराची सून' म्हणालं होतं. म्हणणारा त्या दुष्काळात जन्मलाही नव्हता. आजी आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून बसल्या होत्या.

"तुमाला सांगितलं व्हतं, बाई," त्या म्हणाल्या. "गावाला न्हाय."

मी तशीच उठून अध्यक्षांच्या घरी गेले. म्हटलं, यांच्या आईनं दोन शब्द सांगितले तर गाव ऐकेल. तिनं माझं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"गावाला आत्ता कळलं. आमाला तवाच ठावं व्हतं. आमच्या डोळ्यांदेखत गेली ती. मला राग न्हवता का? लई वर्सं व्हता. पर आमी एकीनंबी ते कवा तोंडातनं काढलं न्हाय."

ती मला रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. इतक्या बायांनी जन्मभर जे पोटात ठेवलं, ते मी एका बैठकीत ओतून आले होते.

दुसऱ्या दिवशी मुलाचा हात धरून ती आजींच्या घरी गेली. आजींना बाहेर बोलावून दोघी दुपारभर ओसरीवर बसल्या, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतील अशा. काय बोलल्या, मला माहीत नाही. तो शब्द पुन्हा कुणी मोठ्यानं उच्चारला नाही, एवढं सुनेनं नंतर सांगितलं.

पुतळ्याची कल्पना मी सोडली. काळ्या दगडात बसलेल्या बाया करायच्या ठरवल्या, पदर पुढं ओढलेल्या, कुणाचंच तोंड न दिसणाऱ्या. अध्यक्षांची आई म्हणाली, "येक उठून जाणारीबी असू द्या. तीबी आमच्यातलीच." मी आजींना विचारायला गेले.

"करा," त्या म्हणाल्या. मग शेंगा पुढं ओढत, "निस्तं तोंड नगं."

त्यांनी मनापासून होकार दिला की माझ्यापुढं थकून, ते मला कळलं नाही. पुन्हा विचारायचा धीर झाला नाही; उठून जाणारी ती एक मी पाठमोरी कोरली. आधीच एकदा मी त्यांचं 'नगं' ऐकलं नव्हतं.

उद्घाटनाला आजी आल्या नाहीत. सून आली, मागं उभी राहिली, हार घालायच्या आधी निघून गेली. भाषणांत माझं कौतुक झालं. शाल अंगावर घेताना मी खालीच बघत होते.

अजूनही भूमला गेले की मी त्यांच्याकडं डोकावते. आजी चहा करायला लावतात, शाळेतल्या पोरांची चौकशी करतात, यंदा तूर कशी आहे ते सांगतात. तलावाकडं त्या गेल्यात का, हे मी विचारत नाही. त्याही सांगत नाहीत. चहा संपतो, आणि मला भूमची एसटी गाठायची असते.