गाडी गार होईपर्यंत

उस्मानपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत अण्णांना ढकललं नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. म्हणजे अण्णांना नव्हे, त्यांच्या गाडीला. पण अण्णा आत बसलेले असायचे, तेव्हा शेवटी एकच. कोपऱ्यावरचे दातांचे डॉक्टर, समोरचे शिलाईवाले सलीमभाई, दूधवाला, आणि माझ्या लग्नाची बोलणी करायला जालन्याहून आलेले माझे वडीलसुद्धा. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालून मुलीसाठी स्थळ बघायला आलेला माणूस, आणि होणारे व्याही त्यांना म्हणाले, "पाहुणे, जरा मागून हात लावता का?" वडिलांनी लावला. घरी आल्यावर म्हणाले, "माणूस येडा आहे, पण भला आहे. पोरगी द्यायला हरकत नाही." अशा रीतीने मी धक्काअण्णांची सून झाले. गल्ली त्यांना याच नावाने ओळखायची, आणि त्यांनाही त्याचा काडीचा राग नव्हता.

गाडी लाल, विलायती, दोन दारांची, दोनच माणसांची, वर कापडी टप. जुन्या शहरातल्या कुठल्याशा नवाबाच्या पडवीत ती पडून होती आणि तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. अण्णा तेव्हा पैठणला धरणावर नोकरीला होते. त्यांनी ती कोंबड्यांसकट बघितली आणि झालं! सासूबाई, म्हणजे आमच्या आई, तेव्हापासून तिला सवत म्हणायच्या. "माझ्या आधी हिची चौकशी," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. त्यात खोटं काहीच नव्हतं. अण्णा सकाळी उठले की आधी पोर्चमध्ये जाऊन गाडीखाली रात्रीतून किती तेल गळलं ते बघायचे आणि मग तोंड धुवायचे.

या गाडीने अण्णांना जे छळलं ते सख्ख्या वैऱ्याने छळलं नसतं. उन्हाळ्यात ती दौलताबादच्या घाटात उकळायची, हिवाळ्यात पोर्चमधून हलायची नाही, आणि पावसाळ्यात टपातून बरोबर डाव्या सीटवर धार लागायची. सुटे भाग मिळायचे नाहीत, मग घरातल्या वस्तू एकेक करून गायब व्हायच्या. एकदा आईंचं चहाचं गाळणं दोन दिवस सापडेना. तिसऱ्या दिवशी ते जागेवर आलं, आणि चहाचा पहिला घोट घेऊन आई म्हणाल्या, "ह्या चहात मला बसवा न् खुलताबादला न्या. पेट्रोल हायेच आत." अण्णांनी कप शांतपणे संपवला. "स्वाद बरा आहे," एवढंच म्हणाले.

त्यांचे गाडीचे दोन नियम होते. पहिला, तिच्यासमोर विकायची भाषा करायची नाही. कुणी पोर्चमध्ये उभं राहून "आता काढून टाका अण्णा हे धूड" म्हणालं, की अण्णा त्याचा दंड धरून त्याला हॉलमध्ये आणायचे आणि मगच उत्तर द्यायचे. "ऐकते ती. मग आठवडाभर बोलत नाही," असं म्हणायचे. मी हसायचे. पण माझ्या नवऱ्याने, सुहासने, एकदा बॉनेटवर हात ठेवून मुद्दाम "भंगारात घाला" म्हटलं, आणि त्यानंतरचे पंधरा दिवस ती खरंच सुरू झाली नाही. योगायोग म्हणा. मी त्यानंतर पोर्चमध्ये तोंड सांभाळूनच बोलायचे.

दुसरा नियम जास्त महत्त्वाचा. फिरून आल्यावर, इंजिन बंद केल्यावर लगेच उतरायचं नाही. तापलेलं लोखंड गार होताना आत टिक, टिक असा आवाज करत राहतं. आधी भराभर, मग सावकाश, मग एकदम थांबतं. तो थांबेपर्यंत अण्णा बसून राहायचे. मान मागे टेकलेली, डोळे मिटलेले, हात स्टिअरिंगवर. "ती सांगत असते गं दिवसभराचं," ते म्हणायचे, "ऐकून घ्यावं. गाडी थांबली म्हणजे फेरी संपत नाही सूनबाई, गार झाली म्हणजे संपते." त्या वेळात त्यांना कुणी हाक मारायची नाही, की फोन आला म्हणून सांगायला जायचं नाही. आले की ते एकदा हॉर्न वाजवायचे. तो हॉर्न म्हणजे चहा टाकायची खूण. आई चहा करून पोर्चच्या कट्ट्यावर ठेवायच्या आणि न बोलता आत यायच्या. घराला ही सवय इतकी अंगवळणी पडली होती की आम्हाला त्यात काही वेगळं वाटतच नव्हतं.

मला गाडी चालवायला अण्णांनीच शिकवलं. सुहासला तिचा तिटकारा होता, म्हणून पाळी माझ्यावर आली. "ओढणी नीट खोच, नायतर उडून माझ्या तोंडावर येईल," हा पहिला धडा. दुसरा, "तिला हुकूम सोडू नको, विनंती कर." घाटात पहिल्यांदा मी तिला वर नेली ती विनंत्या करत करतच. वेशीतून बाहेर पडून वळण घेतलं आणि एकदम ती मोकळी झाली. इंजिनचा आवाज बदलला, वारा कानात शिरला, खाली किल्ला आणि सीताफळांच्या टोपल्या घेऊन बसलेल्या बायका लहान लहान होत गेल्या. मी मोठ्याने ओरडले, नवऱ्यासमोरही कधी ओरडले नसेन अशी. अण्णा डाव्या सीटवर टाळ्या वाजवत होते. "बघ! बघ! एवढ्यासाठी माणूस वर्षभर मार खातो हिचा!" खरं सांगते, मला तेव्हा सगळं कळलं. तेलाचे डाग, उकळणं, ढकलणं, सगळं.

आई मात्र त्या गाडीत कधी बसल्या नाहीत. अण्णा दर शनिवारी खुलताबादला मारुतीच्या दर्शनाला निघायचे आणि निघताना डावं दार उघडून उभे राहायचे. "चल की आज." आई आतूनच म्हणायच्या, "डोक्यावरचा पदर उडतो, लोकं बघतात. आन् सवतीच्या मांडीवर कोण बसंल?" मग अण्णा दार लावायचे. दर शनिवारी उघडायचे आणि दर शनिवारी लावायचे, आणि दोघांनाही त्यात गंमत वाटत असावी. डावी सीट रिकामीच जायची आणि परत येताना तिच्यावर सीताफळं नाहीतर पेरू असायचे.

त्या शनिवारी गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली. गल्ली चकित. सलीमभाई बाह्या सरसावून आलेच होते, ते जवळजवळ रुसले. "क्या अण्णा, आज हमारी जरूरतच नै?" अण्णांनी हसून हात केला. "आज खूश आहे सलीमभाई. आज ती मला घेऊन चाललीय."

संध्याकाळी हॉर्न वाजला. आईंनी चहा केला, बाहेर नेऊन कट्ट्यावर ठेवला. अण्णा नेहमीसारखे बसलेले. मान मागे, डोळे मिटलेले. बसू द्यावं, म्हणून आई आत आल्या, धुराचा पंखा लावला आणि पोळ्या लाटायला घेतल्या. मी ऑफिसातून आले तेव्हा कट्ट्यावरच्या चहावर साय धरली होती. मी गमतीने म्हणाले, "अण्णा, आज फार गप्पा चालल्यात दोघांच्या." आणि मग माझ्या लक्षात आलं की टिकटिक ऐकू येत नाहीये. बॉनेटला हात लावला. पार गार. अण्णांच्या हाताला लावला. तोही.

ज्यांनी आयुष्यभर ढकललं त्यांनीच खांदा दिला. डॉक्टर म्हणाले, एका क्षणात गेले, त्यांना कळलंही नसेल. सगळ्यांनी ते मानलं. आईंनी नाही मानलं. "डॉक्टर तिथं हुते का?" एवढंच विचारलं त्यांनी. नंतर काही दिवसांनी, भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "त्यांनी हाक मारली असंल. मला पंख्यात ऐकू आली नसंल."

तेव्हापासून आमच्या स्वयंपाकघरातला पंखा बंद झाला तो बंदच. फोडणीचा धूर घरभर फिरायचा, डोळे चुरचुरायचे, पण पंखा लावायचा नाही. कुकर नको, मिक्सर नको, टीव्हीचा आवाज नको. जेवताना मध्येच त्यांचा हात थांबायचा. "कुणी हाक मारली का गं?" नाही आई. "पोर्चमधून?" नाही. मग घास तोंडात जायचा. दिवेलागणीला त्या एक कप चहा जास्तीचा करायच्या आणि ओट्यावर झाकून ठेवायच्या. पोर्चमध्ये मात्र पाऊल टाकायच्या नाहीत. आणि कधीकधी, अगदी कामात असताना, मलासुद्धा बाहेर टिकटिक ऐकू यायची. गाडी तर महिनोन्महिने हललेली नव्हती. मी बाहेर जायचे. टिकटिक नसायची. गाडीखाली ताज्या तेलाचा एक थेंब तेवढा असायचा.

आई सुकत चालल्या होत्या. सुहास म्हणाला, ही गाडी दारात आहे तोवर आई यातून बाहेर येणार नाही. त्याचं चुकत नव्हतं. पुण्याचा एक शौकीन गृहस्थ गाडी बघायला आला. पोर्चमध्ये उभं राहूनच सुहासने त्याच्याशी सौदा केला. मी डोळ्यांनी खुणावत होते, पण ऐकतो कोण. मग किल्ली फिरवली. गाडी हूं की चूं नाही. सगळी गल्ली आली, कोपऱ्यापर्यंत ढकलत नेली, परत आणली. काही नाही. सलीमभाई घाम पुसत म्हणाले, "उसके सामनेच बेचने की बाताँ करे तुम लोगां. अब क्या चलती वो." गृहस्थ म्हणाला, हरकत नाही, उद्या ट्रक घेऊन येतो.

त्याच संध्याकाळी आई पोर्चमध्ये आल्या. अण्णा गेल्यापासून पहिल्यांदा. मला म्हणाल्या, "दार उघड तिचं. ह्या बाजूचं." त्या स्टिअरिंगमागे बसल्या, अगदी अंग चोरून. मग म्हणाल्या, "आता तू आत जा. पंखा लाव. पोळ्या लाट, मी लाटत हुते तशा. मी इथून हाक मारते."

मी काय करणार होते? गेले. पंखा लावला. बऱ्याच महिन्यांनी तो घरघरायला लागला, आणि मी लाटणं हातात धरून कान टवकारून उभी राहिले. पंख्याशिवाय काही ऐकू येईना. देवा, येऊ दे एकदा, म्हणत होते मी. कारण पंख्यातूनही हाक ऐकू आली तर त्याचा अर्थ अण्णांनी मारलीच नव्हती, आणि आई सुटल्या. काहीच आलं नाही. पंखा बंद करून मी बाहेर गेले आणि तोंड भरून खोटं बोलले. "आली आई. स्पष्ट आली."

"काय म्हणाले मी?"

अण्णा आईंना जी हाक मारायचे तीच आईंनी आता मारली असणार, असं मला वाटलं. "'अगं, ऐकलंस का' म्हणालात."

आईंनी माझ्याकडे बघितलं. घसा बसला होता त्यांचा. "तुझ्या नावानं ओरडले मी. वर्षा, वर्षा म्हणून. तीन डाव."

मला रडूच फुटलं. त्याच मला समजावायला लागल्या. "गप. माझ्यासाठीच बोललीस खोटं, कळतंय मला. हाक येत नाय इथून. त्यांनी मारली असंल, नसंल, ते आता कळायचं नाय." मग त्यांनी डाव्या सीटवर हात फिरवला. पावसाने तडकलेली, डागाळलेली ती सीट. "पण हाक मारायची येळ का यावी गं? जागा हुती की हितं. दर शनवारी दार उघडून उभा राहायचा माणूस."

उठताना म्हणाल्या, "सुहासला सांग, ट्रक आणू नका. ही गेली तर त्यांना हाक मारायला जागाच उरायची नाय."

दुसऱ्या दिवशी गाडी सुरू झाली. मी काही म्हणत नाही, तुम्हीही म्हणू नका.

आता दर शनिवारी आम्ही दोघी खुलताबादला जातो. गल्ली ढकलते, मी चालवते, आई डाव्या सीटवर. पदर उडतो, लोकं बघतात, त्या बघू देतात. घाट चढून गाडी मोकळी झाली की त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं, आणि ते वाऱ्याचं आहे असं त्या म्हणत नाहीत. घरी आल्यावर मी इंजिन बंद करते, मान मागे टेकते, डोळे मिटते. टिक, टिक. चहा करायला आत कुणी नसतं आणि आम्हाला घाई नसते. आवाज सावकाश होत जातो, आणि शेवटची टिक झाली की माझ्या खांद्यावर हात येतो. आई मला हलवून बघतात.

"हायेस ना गं?"

"आहे, आई."

मग आम्ही उतरतो.