फुकटची ट्यूब

मालजा आमच्या बेटावर यायची ती महिन्याच्या पहिल्या मंगळवारी, कोरियाच्या किनाऱ्यावरच्या मोक्पो शहरातून सकाळी सुटणाऱ्या बोटीनं. बोट धक्क्याला लागली की आधी तिची चाकांची बॅग उतरायची, मग ती. इस्त्रीचं जाकीट, हातात पांढरे मोजे आणि चेहरा असा तुकतुकीत, की बाईची साठी उलटलीय हे सांगून पटू नये. माझं दुकान धक्क्यालाच. त्यामुळे तिची पहिली वाट माझ्याकडेच वाकडी व्हायची.

"मिसुक, काय दशा करून घेतलीस गं चेहऱ्याची," ही तिची आल्याआल्याची विचारपूस.

"माझा चेहरा बघून कोण नूडल्स घेतं, ताई?" मी म्हणायची. पण क्रीमची डबी घ्यायचीच. तिच्याकडून रिकाम्या हातानं कुणी सुटलं नाही.

चार मुलींनंतर पाचवीही मुलगीच झाली, तेव्हा वैतागून बापानं तिचं नाव मालजा ठेवलं. मालजा म्हणजे आता बास, ही शेवटची. लग्न झालं, नवरा मासेमारीला गेला तो परत आला नाही. मग तिनं समुद्रशेवाळाच्या कारखान्यात हात कुजवले आणि चौतिसाव्या वर्षी चेहऱ्याची क्रीमं विकणाऱ्या कंपनीची बॅग हातात घेतली. कंपनीनं तिला शिकवलं की विकणारीचा चेहरा हाच दुकानाचा बोर्ड. सत्तावीस वर्षं तिनं तो बोर्ड घासूनपुसून ठेवला.

माल विकायची रीत अशी. सुनिमताईच्या घरी, खालून तापवलेल्या उबदार फरशीवर आम्ही चौघी-पाचजणी ओळीनं आडव्या पडायचो आणि मालजा गुडघ्यांवर बसून एकेकीचा चेहरा चोळायची. आधी फक्त उजवा गाल. मग हातात आरसा द्यायची. "बघ, उचलला गेला की नाही?" आणि खरंच, चोळलेला गाल टवटवीत दिसायचा, डावा बिचारा मलूल. संध्याकाळपर्यंत दोन्ही गाल सारखेच ओघळायचे, पण तोवर ती परतीच्या बोटीत बसलेली असायची.

तिचं सगळं ज्ञान त्या फरशीवर आम्हाला मिळालं. डबी जितकी महाग, तितकं क्रीम खोल जातं. तेलकट चेहरा म्हातारा होत नाही. आभाळ आलं की उन्हाचं भय नाही. जळजळलं म्हणजे लागू पडतंय. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, औषध गुण देण्याआधी उलटतं. आतलं वर आल्याशिवाय जात नाही. हे शेवटचं तर आमच्या आज्याही सांगायच्या, म्हणून कुणी शंका काढली नाही. मालजा लबाड असती तर मी आज तिला चार शिव्या हासडून मोकळी झाले असते. ती लबाड नव्हती. तीच क्रीमं तीही लावायची, आणि तिचा त्यांच्यावर जीव होता.

प्रत्येक डबीमागे कंपनी ऊन अडवणाऱ्या क्रीमची एक छोटी ट्यूब फुकट द्यायची. ती कुणालाच नको असायची. चिकट, त्यात तोंड भुतासारखं पांढरं दिसायचं. फुकट मिळतंय म्हणजे त्यात काय असणार? कुणी ते फासून नवऱ्याचे बूट पुसायचं. मी दुकानातल्या फळ्यांवरची जुनी स्टिकरं त्या क्रीमनं काढायची. फार छान निघतात.

सुनिमताई मिठागरात काम करायची. चाळीस वर्षं लाकडी फळीनं मीठ ओढलं तिनं. डोक्याला रुंद टोपी, तिच्याखाली टॉवेल, सगळं होतं. पण टोपी वरचं ऊन अडवते; पाण्यावरून उसळून खालून तोंडावर येतं त्याचं काय? तिच्या डाव्या गालावर एक डाग होता. आधी डाळीएवढा, चहाच्या रंगाचा. मालजानं त्यावर डाग घालवायचं क्रीम दिलं. सुनिमताईनं दोन वर्षं नेमानं लावलं. तिच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, वसंतात. आमच्याकडे लग्नात सगळ्यांच्या पुढे आईनं मेणबत्ती पेटवायची असते. तेवढ्यासाठी गाल स्वच्छ हवा, एवढीच तिची हौस.

लग्नाच्या आधीच्या पानगळीत आम्ही पडलो होतो फरशीवर. सुनिमताई म्हणाली, "मालजा, आरोग्य केंद्रातली नर्स म्हणत होती, मोक्पोला जाऊन दाखवून या. डाग वाढलाय म्हणे."

"ती कालची पोरगी, ताई. सुई टोचण्यापलीकडे तिला काय येतं? मोक्पोचे डॉक्टर लेझरनं जाळतील आणि गालाला खड्डा पाडतील. मग लग्नात खड्डा घेऊन बसशील?"

"पण जळजळतं गं हल्ली. कडाही उंच लागते हाताला."

मी शेजारीच पडले होते. मालजाचं बोट त्या कडेवर थांबलेलं मी पाहिलं. थोडाच वेळ, पण थांबलं. मग ती म्हणाली, "वर येतंय म्हणजे निघतंय. आता सोडू नकोस."

सुनिमताईनं माझ्याकडे पाहिलं. "तुला काय वाटतं, मिसुक?"

"मालजाताईला जास्त कळतं," मी म्हटलं. माझ्या जिभेला हाड नाही एरवी. त्या दिवशी बोट थांबल्याचं सांगायला मेली वळली नाही.

लग्नाच्या सकाळी मोक्पोच्या हॉलमध्ये रंगरंगोटी करणारी मुलगी सुनिमताईच्या गालाला पावडर लावायला गेली आणि पफला रक्त लागलं. तिनं हात मागे घेतला. सुनिमताईनं तसंच वर पावडर थापून मेणबत्ती पेटवली. दुसऱ्या दिवशी सासरी जायचं सोडून मुलीनं आईला इस्पितळात नेलं. कातडीचा कर्करोग, गळ्याच्या गाठींपर्यंत उतरलेला. डॉक्टर म्हणाले, डाग लहान होता तेव्हा आणायला हवं होतं.

मालजा आणि मी भेटायला गेलो, तेव्हा अर्धा चेहरा पट्ट्यांत होता. सुनिमताईनं मालजाचा हात धरला आणि हळूच विचारलं, "आणलंस का गं क्रीम? हे डॉक्टर लावू देत नाहीत. पट्टी निघाली की लावीन."

मालजानं माझ्याकडे पाहिलं. मीच म्हटलं, "पुढच्या वेळी आणतो, ताई." बाहेर आल्यावर मालजा जिन्यातच बसली.

"माझ्या बोटाला कळलं होतं, मिसुक. तिचा चेहरा मी दर महिन्याला हाताळत होते. बोटाला कळलं आणि तोंडानं दुसरंच बोलले."

मी खालच्या पायरीवर टेकले. माझेही हात कुठे स्वच्छ होते?

हिवाळ्याच्या तोंडावर, कोबीचं किमची लोणचं घालायच्या दिवसांत सुनिमताई गेली. मुलीनं घर आवरायला काढलं तेव्हा कपाटात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा सापडला. आत उन्हाच्या क्रीमच्या छोट्या ट्यूबा, ओळीनं रचलेल्या, एकीचंही बूच उघडलेलं नाही. निम्म्यांची तारीख उलटून गेलेली. सुनिमताई काही टाकून द्यायची नाही. लागतील कधी म्हणून ठेवल्या असणार. मुलीनं तो डबा मालजाच्या हातात दिला.

पुढच्या पहिल्या मंगळवारी मालजा बोटीतून उतरली ती चाकांच्या बॅगेशिवाय. जाकीट नाही, मोजे नाहीत, चेहऱ्याला काही लावलेलं नाही. पहिल्यांदाच ती मला तिच्या खऱ्या वयाची दिसली. हातात तोच बिस्किटांचा डबा. जुन्या ट्यूबा फेकून तिनं स्वतः विकत घेतलेल्या नव्या भरल्या होत्या. ती तडक मिठागरावर गेली.

"काय गं, आता फुकटचंच दुकान मांडलंस?" बायका म्हणाल्या.

"तोंड पुढे करा," मालजा म्हणाली. चिखलात उभी राहून तिनं एकेकीला लावलं, कान आणि मानेसकट. आभाळ भरलेलं होतं. तरी लावलं.

शेवटी ती माझ्या दुकानात आली. मी म्हटलं, "मी सावलीत बसते, ताई. मला कशाला?" तिनं ऐकलं नाही. गालावरून, कपाळावरून हात फिरवला आणि डाव्या कानाच्या पुढे तिचं बोट थांबलं.

तसंच थांबलं.

"हे कधीपासून आहे?"

"असेल वर्षभर. वयाचा डाग. तूच म्हणाली होतीस."

तिनं दुकानाचं शटर स्वतः खाली ओढलं. "पर्स घे. दुपारची बोट आहे."

बोटीत दोन तास तिनं माझं मनगट सोडलं नाही. इस्पितळात डॉक्टरांनी भिंगातून डाग पाहिला, दाबला, पुन्हा पाहिला. "काही नाही, आजी. नुसतं वय आहे. एवढंच लक्षात ठेवा, वाढला किंवा रंग बदलला तर या." संपलं.

मी बाहेर आले. मालजा बाकावर डबा मांडीवर घेऊन बसली होती. मी सांगितलं. मला वाटलं, ती हसेल, निदान सुटकेचा श्वास तरी टाकील. तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"दहा मिनिटं लागली," ती म्हणाली.

मी तिच्या शेजारी बसले.

"दहाच मिनिटं, मिसुक. सुनिमताईलाही दहाच लागली असती," ती पुन्हा म्हणाली, आणि परतीच्या बोटीची वेळ झाली तरी तिला त्या बाकावरून उठवता येईना.