बंद कॉम्प्युटरांचा हिरवा रंग

कोइमतूरच्या पंप-कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या वडिवुक्करसीला गोड बोलणाऱ्या माणसांची धास्ती होती. ती उगाच नव्हती. गेल्या वर्षी 'काही काळजी नको' असं सगळे गोड सांगत असतानाच कुठल्याशा कॉम्प्युटरमधून व्हायरस शिरला आणि कारखाना ठप्प झाला. तो कुणाच्या टेबलावरून आला हे कळेना, तेव्हा खापर तिच्या डोक्यावर फुटलं. मालक चेन्नियप्पन सगळ्यांसमोर म्हणाले होते, "राखणदारच झोपला, तर चोराला काय बोल लावायचा?" ते वाक्य तिला अजून सलत होतं.

आता सगळ्या कॉम्प्युटरांवर एका जागेवरून नजर ठेवणारं सॉफ्टवेअर घ्यायचं होतं. दोन चाचणीला बसवली होती. पहिलं विकणारा इळंगो येताना मैसूरपाक आणायचा. "अक्का, आमच्यात बघा, सगळं हिरवंगार. तुम्ही निवांत झोपा." वडिवूनं मैसूरपाक खाल्ला, बोलणं मात्र गिळलं नाही. दुसरं सॉफ्टवेअर रोज काहीतरी लाल दाखवून कुरकुरायचं. मालकांचा कल अर्थातच हिरव्याकडे.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला मालकांनी स्वतः फिरून यंत्रांना, कॉम्प्युटरांना चंदन-कुंकू लावलं, फाटकावर कोहळा फोडला आणि चुरमुरे वाटत बजावलं, "उद्या सकाळपर्यंत कुणी कशाला हात लावायचा नाही." सगळे कॉम्प्युटर बंद झाले; नजर ठेवणारी सॉफ्टवेअरं तेवढी बाहेरच्या सर्व्हरवर चालू होती.

विजयादशमीच्या सकाळी वडिवूनं दोन्ही सॉफ्टवेअरांतला आदल्या संध्याकाळचा हिशेब उघडला. इळंगोच्या सॉफ्टवेअरनं बंद असलेल्या प्रत्येक कॉम्प्युटरला ताजं अपडेट दिल्याचं दाखवलं होतं. सगळं हिरवं! तिनं फोन लावला.

"अक्का, सणासुदीला कशाला खोलात शिरता?" इळंगो हसत म्हणाला.

दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सगळे कॉम्प्युटर बंद दिसत होते, एक सोडून. मालकांच्या खोलीतला. झाडूवाली, पहारेकरी, हिशेबनीस, सगळ्यांवर वडिवूचा संशय फिरून आला. ती तडक मालकांकडे गेली.

"अय्या, काल पूजेनंतर तुमच्या खोलीत कुणीतरी शिरलं होतं."

मालक कपाळ चोळत राहिले. "मीच होतो गं. नातू सिंगापुरात, त्याला कसली आयुधपूजा? व्हिडिओवर तोंड बघितलं त्याचं, एवढंच. हे यंत्र माझ्यावरही पाळत ठेवतं?"

"काय बोललात ते दिसत नाही. कॉम्प्युटर चालू होता ते दिसतं. आणि दोन वर्षांत एकही अपडेट घेतलेलं नाही, तेही."

"ते मीच बंद करून ठेवलंय. कॉम्प्युटर फार रेंगाळतो." मालक थांबले. "म्हणजे गेल्या वर्षी..."

"खात्रीनं नाही सांगता येणार, अय्या. पण उघडं दार हेच होतं."

पडद्यावरचं कुंकू त्यांनी बोटानं पुसलं. "दुसरंच घे. माझ्या कॉम्प्युटरलाही सोडू नकोस."

"घेते. पण गेल्या वर्षी ते राखणदाराचं तुम्ही सगळ्यांसमोर बोलला होतात."

मालक उठले, कमरेची वेष्टी सावरली. "चल. काम अजून सुरू व्हायचंय, सगळे अंगणातच आहेत."