पुढच्या तारखांवरच्या खुणा

मे महिन्यातली दुपार होती आणि मी शाल पांघरून बसले होते. कूलर बंद करा, असं मी तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा माझ्या नवऱ्याने उठून तो बंद केला आणि पलीकडच्या खोलीत जाऊन पंख्याखाली पडला. खिडक्यांवर जाड पडदे ओढलेले होते. आमच्या सक्करदऱ्याच्या गल्लीत त्या वेळी कुत्रंसुद्धा सावलीतून हलत नाही. कूलर थांबला, पण त्याच्या घरघरीत मला जो आवाज ऐकू यायचा तो थांबला नाही. स्वयंपाकघरात कोणीतरी बाई हळू आवाजात हजेरी घेत होती. एक नाव, मग थोडं थांबणं, मग पुढचं नाव. नावं मात्र कळत नव्हती.

मी तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. त्यामुळे तो आवाज मला ओळखीचा वाटायचा. मी उठून पाहायला गेले नाही, नवऱ्याला सांगितलं नाही. घाबरलेही नाही. आज लिहिताना अंगावर काटा येतो तो त्याचाच.

थायरॉइड मंदावल्याचं मला अकरा वर्षांपूर्वी कळलं होतं. रोज सकाळी उपाशीपोटी एक छोटी पांढरी गोळी, अर्ध्या-पाऊण तासाने चहा, वर्षातून एकदा रक्ततपासणी. त्यात कधी अडचण आली नाही. निवृत्तीनंतर मात्र सकाळ सैल झाली. गोळी घेतली की नाही असा घोळ होऊ नये म्हणून नवऱ्याने सुचवलं, की स्वयंपाकघराच्या दारामागच्या कॅलेंडरवर खूण करत जा. तो आयुष्यभर कारखान्यात नोंदवह्या भरत आलेला माणूस. मी रोज पेनाने बरोबरची खूण करू लागले.

मुलगी हैदराबादला असते. त्या मे महिन्यात तिचा फोन आला.

"आई, कालचा तो मेसेज तूच बोलून पाठवला का?"

"मीच. काहून?"

तिने माझेच जुने आवाजी मेसेज मला परत पाठवले, संक्रांतीपासूनचे, ओळीने. मी पलंगावर बसून ऐकले. संक्रांतीला एक बाई भरभर बोलत होती, तिळाच्या वड्या चिवट झाल्या म्हणून हसत होती. मार्चमध्ये तीच बाई दोन शब्दांच्या मध्ये थांबत होती. शेवटच्या मेसेजमधला आवाज जाड, घोगरा होता, जीभ तोंडात मावत नसल्यासारखा. ती म्हणत होती, "मी बरी आहे. काळजी करू नको." मी तो मेसेज दोनदा ऐकला. कोणी दुसऱ्याच बाईने माझ्या फोनवरून माझ्या मुलीला सांगितलं होतं की मी बरी आहे.

चौथ्या दिवशी मुलगी आली. दारात मला पाहून ती आधी हसली, मग तिचं हसू तसंच राहून गेलं. माझा चेहरा सुजला होता, भुवयांची टोकं विरळ झाली होती. रोज आरशात पाहणाऱ्याला हे दिसत नाही.

"गोळी घेते ना?" तिने विचारलं.

"रोज घेते."

"घेत असशील. मी आहे तोवर मी देते."

दुसऱ्या दिवसापासून सकाळी सहा वाजता ती पाण्याचा पेला आणि गोळी घेऊन माझ्या पलंगाशी उभी राहू लागली. मला लहान मूल झाल्यासारखं वाटे, पण वाद घालण्याइतकी ताकद नव्हती. दहाव्या सकाळी प्रयोगशाळेचा माणूस घरी येऊन रक्त घेऊन गेला. संध्याकाळी रिपोर्ट आला. टीएसएच साठच्या वर, म्हणजे असायला हवं त्याच्या कितीतरी पट. आणि त्याच्याच खालच्या ओळीत टी-फोर अगदी ठीक, मर्यादेच्या आत.

"एक म्हणते गडबड आहे, दुसरं म्हणते नाही," मुलगी म्हणाली. "दोन वेगळ्या माणसांचं रक्त मिसळलं की काय?"

रिपोर्ट घेऊन आम्ही तशाच दवाखान्यात गेलो. डॉक्टर तरुण होत्या, शांत. त्यांनी रिपोर्ट टेबलावर सपाट केला आणि मला विचारलं, "काकू, गोळी चहासोबत घेता का? कॅल्शियमची, लोहाची गोळी तिच्याबरोबर असते का?"

"नाही. नुसत्या पाण्यासोबत."

"एकही दिवस चुकत नाही?"

"कॅलेंडरवर खूण करते मी."

त्यांनी दोन्ही आकड्यांखाली रेघ मारली. "हे टी-फोर म्हणजे आज रक्तात औषध किती आहे ते. ते मागच्या आठ-दहा दिवसांचं सांगतं. टीएसएच मेंदूकडून येतं. रक्तात हे कमी पडलं की मेंदू थायरॉइडला हाका मारायला लागतो. जेवढं कमी, तेवढ्या हाका जास्त. आणि औषध मिळायला लागलं तरी त्या हाका लगेच थांबत नाहीत. शांत व्हायला सहा-आठ आठवडे लागतात."

"म्हणजे?"

"म्हणजे हा कागद म्हणतोय, की गेले काही दिवस कोणीतरी रोज गोळी घेतंय. त्याआधी बरेच आठवडे कोणी घेत नव्हतं."

मुलीने माझ्याकडे पाहिलं नाही. "मी दहा दिवसांपासून देऊन राहिली," ती हळूच म्हणाली.

मला राग आला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच मला नीट काहीतरी वाटलं, तो हा राग. "मी खोटं बोलत नाही," मी म्हणाले.

"तुम्ही खोटं बोलता असं मी म्हणतच नाही. हे असं वाढलं की आठवणसुद्धा मंदावते." मग सहज विचारल्यासारखं त्यांनी विचारलं, "कधी आवाज वगैरे ऐकू येतात?"

मी हजेरीचं सांगितलं. मुलीने माझा हात धरला. डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढायला सांगितला, फार गुंगी आली किंवा श्वास जड झाला तर थांबू नका, लगेच दवाखान्यात आणा, असं दोनदा बजावलं. गोळीची ताकद त्यांनी वाढवली नाही. नुसतं टीएसएच पाहून वाढवली असती तर रोज घेतल्यावर तीच जास्त झाली असती, असं म्हणाल्या.

घरी येऊन मी चप्पल न काढता स्वयंपाकघरात गेले आणि दार लोटून कॅलेंडर पाहिलं. त्या दिवशी वीस तारीख होती. खुणा वीसवर थांबल्या नव्हत्या. एकवीस, बावीस, तेवीस, महिन्याच्या शेवटच्या चौकोनापर्यंत सगळीकडे खूण होती. मी पान उलटलं. जूनचे पहिले दोन आठवडेही भरलेले होते. जे दिवस अजून उजाडलेच नव्हते, त्या दिवसांची गोळी कोणीतरी घेऊन टाकली होती.

"हे तुम्ही केलं?" मी नवऱ्याला विचारलं.

तो जवळ आला, चष्मा वर करून पाहत राहिला. "मी काहून करू? तू रोज सकाळी म्हणे, झाली माही गोळी. मी काय तुह्या तोंडात पाहाले जाऊ?"

मी वर्तमानपत्राच्या कडेला एक खूण करून पाहिली. वह्या तपासून तपासून माझ्या खुणेची शेपटी खाली वळते, जरा ओढल्यासारखी. कॅलेंडरवरच्या प्रत्येक खुणेची शेपटी तशीच वळली होती. हात माझाच होता. एका पानावरून दुसऱ्या पानावर, एकेक वही बाजूला सारावी तसा तो पुढे गेला असणार.

मुलीने फ्रिजवरची बाटली आणून ताटात उपडी केली. शंभर गोळ्यांची बाटली, फेब्रुवारीच्या मध्यावर उघडलेली. आता ती संपत आलेली असायला हवी होती. ताटात अठ्ठ्याहत्तर गोळ्या निघाल्या. बावीस कमी, त्यातल्या दहा मुलीने दिलेल्या. म्हणजे तीन महिन्यांत मी फक्त बारा घेतल्या होत्या.

आणि तरीही मला त्या सकाळी आठवत होत्या. पेल्याची थंड कडा, जिभेवर खडूच्या भुकटीसारखी चव, पाण्याचा घोट. मी डोळे मिटले की अजूनही दिसायच्या. त्या कोणत्या सकाळी होत्या कोण जाणे. अकरा वर्षांतल्या कोणत्याही असतील.

मुलीने रजा वाढवली. ती गेल्यावर गोळी द्यायचं काम नवऱ्याने घेतलं. मी गिळेपर्यंत तो समोर उभा राहतो, आणि खूण आता तो करतो. दोन महिन्यांनी पुन्हा रक्त दिलं. त्या दिवशी डॉक्टरांच्या सांगण्यावरून आधी रक्त दिलं, मग गोळी घेतली. टीएसएच नऊवर आलं होतं. दसऱ्याच्या सुमाराला ते मर्यादेत आलं. सूज उतरली, आवाज हळूहळू पातळ झाला. कांदे चिरताना एकदा मी गुणगुणले आणि नवरा खोलीतून उठून पाहायला आला. हजेरी नेमकी कधी बंद झाली ते सांगता येणार नाही. एका दुपारी लक्षात आलं, की बऱ्याच दिवसांत ऐकली नाही.

दिवाळीच्या आधी गांधीबागेतून एका शिंप्याचा फोन आला. "ताई, तुमचे दोन ब्लाउज एप्रिलपासून पडून आहेत."

मी म्हणाले, मी काही शिवायला टाकलं नाही. तरी नवऱ्याला घेऊन गेले. कापडाच्या दुकानांमागच्या बोळीत त्याचं छोटं दुकान. ते मी पूर्वी पाहिल्याचं मला आठवत नव्हतं. त्याने मात्र मान वर केली, माझ्याकडे निरखून पाहिलं आणि वही उघडली. पानावर माझं नाव, माझा फोन नंबर, शेजारी मापं.

"तुम्ही एकट्याच आल्या होत्या, भर दुपारी," तो म्हणाला. "लई वेळ बसल्या. म्हणे, गळा मोठा ठेवा, गळ्याले काही लागलेलं सहन होत नाही."

राखाडी रंगाचे दोन सुती ब्लाउज होते. मी तो रंग कधी घेत नाही. पडद्यामागे जाऊन एक घालून पाहिला तर खांद्यावरून घसरला. बाहीत दोन बोटं सहज फिरत होती. गळा खरंच फार मोठा होता.

"उसवून लहान करून देऊ?" शिंप्याने विचारलं. "कापड आत भरपूर सोडलंय."

"राहू द्या," मी म्हणाले.

नवऱ्याने पिशवी घेतली. ब्लाउज कपाटात आहेत, वरच्या कप्प्यात, शिंप्याने पुन्हा घातलेल्या घडीसकट.